चौथ्या रांगेतल्या जांभया

बाबांचा चेहरा रंगवून झाला होता, एक कान तेवढा राहिला होता. आरशातून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "जोसने, आजचा शेवटचा."

"काहून शेवटचा?"

"पब्लिक झोपते माह्यासमोर. झोपवाचंच असन त नट कायले पायजे? पाळना पायजे."

बाबांनी तोंड उघडलं की लोकांनी हसायचं, हा आमच्या भागातला चाळीस वर्षांचा शिरस्ता. त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी त्यांचा राहिलेला कान रंगवून दिला, किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि सभागृहाच्या मागे, प्लँट रूमकडे निघाले.

माझे वडील दयाराम ठेंगरी झाडीपट्टीचे विनोदी नट. झाडीपट्टी म्हणजे आमचा वैनगंगेकाठचा, धानाचा आणि जंगलाचा मुलूख. धान घरी आलं की इथे गावोगाव नाटकं लागतात. शेतात मंडप, बुडाखाली धानाचं तणस, अंगावर घोंगडी. जेवून बसलेली माणसं उजाडल्याशिवाय उठत नाहीत. पोर मांडीवर झोपेल, पण बाप झोपणार नाही. थंडीत, दवात, उघड्यावर लोक माझ्या बाबांसाठी जागे राहिले. आणि तेच नाटक, तोच नट, तीच माणसं मार्च महिन्यात आमच्या नगरपरिषदेच्या एसी सभागृहात संध्याकाळी सहाला आली, तर दुसऱ्या अंकापासून माना टाकायला लागली. तिसऱ्या अंकात एकजण घोरायला लागला. बाबांनी त्याच्या घोरण्यावर आयत्या वेळी एक फर्मास वाक्य टाकलं. त्यालाही कोणी हसलं नाही. ऐकायला जागं कोण होतं?

घरी येऊन बाबांनी रंगाची पेटी माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर गावाचा निकालही लागला, दयाराम म्हातारा झाला. मेमधला हा एक खेळ नाटक मंडळानं आधीच कबूल केला होता म्हणून पेटी खाली उतरली, एवढंच. आजही लोक झोपले तर पेटी कोणाला तरी देऊन टाकायची, हे त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

आणि लोक झोपणार होते. त्या इमारतीत हे फक्त मला नक्की माहीत होतं, कारण तिथली हवा माझ्या हातात होती.

मी त्या सभागृहाची प्लँट ऑपरेटर. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. नऊशे खुर्च्यांचं सभागृह बांधून झालं तेव्हा रोजंदारीवर लागले आणि सहा वर्षं रोजंदारीवरच होते. एसीचं काम सांगायला सोपं आहे. यंत्र सभागृहातली हवा ओढून घेतं, गार करतं आणि परत आत सोडतं. पण नऊशे माणसं तीन तास तिथे श्वास घेत बसलेली असतात. म्हणून बाहेरची थोडी ताजी हवा त्यात मिसळावी लागते, आणि त्यासाठी प्लँट रूमच्या मागच्या भिंतीत दाराएवढी एक झडप असते. आमच्या झडपेबाहेर कडुनिंब होता. ती झडप बंद केली की तीच हवा फिरून फिरून येते. गार असते, पण उष्टी असते.

आमच्या विद्युत अभियंत्यांनी, गणोरकर साहेबांनी, ती मार्चच्या पहिल्या तारखेपासून बंद करवली होती. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री. ती हवा गार करायला वीज लागते. झडप बंद, वीज कमी, असा सरळ हिशेब. विजेची बचत करणाऱ्या इमारतींना बक्षीस मिळणार होतं आणि साहेबांना ते हवं होतं. झडपेला चार बोल्ट मारले, त्यावर कागदाचं सील चिकटवलं, सीलवर तारीख, साहेबांची सही आणि खाली बंद करणाऱ्याची सही. युनिट खरोखरच खाली आले. पेपरात साहेबांचा फोटो आला.

वीज वाचवायला माझी ना नव्हती. आमच्या खेड्यांत तेव्हा बारा बारा तास लाईट नसायची. पण वाचवायची तर साहेबांच्या कोटापासून सुरुवात करायला पाहिजे होती. पहिल्या रांगेतल्या कोटवाल्यांना घाम येऊ नये म्हणून आम्ही वीस डिग्रीवर यंत्र चालवायचो, आणि सहाच्या कार्यक्रमाला दुपारी दोनपासून रिकाम्या खुर्च्या गार करत बसायचो. खुर्च्यांना कुठे उकडतं? ते मी अर्ज करून लिहून दिलं होतं. अर्ज फाइलला लागला.

हा प्लँट बसवणारे सत्तारभाई म्हणून एक जुने मेकॅनिक होते. मला त्यांनीच शिकवलं. जाताना त्यांनी सांगितलं होतं, "बेटी, काटा गारवा सांगतो, हवा नाही सांगत. हवा कळायची असेल तर वर जाऊन जांभया मोज." म्हणून मी प्रत्येक कार्यक्रमाला स्पॉटलाइटच्या खोलीत जायची आणि तिथल्या खिडकीतून चौथ्या रांगेतल्या जांभया मोजायची, दहा मिनिटं. चौथीच रांग का, तर पहिल्या तीन रांगा फुकट पासवाल्यांच्या. ते कशालाही जांभई देतात. चौथ्या रांगेपासून तिकीट काढलेली माणसं. झडप उघडी असताना तिथे सात-आठ जांभया व्हायच्या. झडप बंद झाल्यावर, बाबांच्या त्या मार्चच्या नाटकाला, मी एक्केचाळीस मोजल्या.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले होते.

"साहेब, झडप उघडावी लागेल. लोक गुंगतात. काल अर्धं सभागृह झोपलं होतं."

"काल नाटक कोणाचं होतं?"

"माझ्या वडिलांचं."

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, समजूत घातल्यासारखे हसले. "ज्योत्स्ना, वाईट नको वाटून घेऊ. पण नाचता येईना अंगण वाकडं, असं झालं हे."

साहेबांनी टेबलावरची एक फाइल माझ्याकडे सरकवली. "तुला कायम करायचा प्रस्ताव आहे हा. बक्षिसाचं होऊन जाऊ दे, मग मी पाठवतो. तोवर झडपेचं नाव काढायचं नाही."

मी नाव काढलं नाही. दीड महिना मी रोज जेवताना समोर बसलेल्या बाबांकडे बघत होते आणि भाकरी गिळत होते. ते स्वतःला म्हातारं म्हणत होते, बाद झालो म्हणत होते, आणि त्यांची पोरगी तोंडाला कुलूप लावून बसली होती. मला स्वतःची लाज वाटत होती. कायमच्या नोकरीचा मोह त्याहून मोठा होता, हेही खरंच आहे.

तर त्या मेच्या संध्याकाळी मी प्लँट रूमशी आले तेव्हा साहेब दारातच उभे होते. अंगात कोट.

"नागपूरहून दोघं पाहुणे आलेत. बक्षिसाच्या समितीचे. नाटक संपलं की त्यांना मीटर दाखवायचं आणि मग हे सील दाखवायचं. त्याला हात लागता कामा नये."

"बरं."

"आज फार गार वाटत नाही आत."

"होईल गार," मी म्हटलं.

दुपारी दोनला यंत्र मी लावलंच नव्हतं. साडेचारला लावलं, आणि विसावर नाही, सव्वीसवर. सभागृह भरायच्या वेळेला बाहेरून आलेल्या माणसाला बरं वाटेल इतपत गार होतं. कोटवाल्यांनी कोट काढावेत. एवढी खोडी मी सकाळीच ठरवून ठेवली होती. झडपेचं मात्र ठरवलं नव्हतं. खरं सांगते, तोपर्यंत माझी छाती नव्हती.

तिसरी घंटा झाली. सभागृह गच्च भरलं होतं. मी स्पॉटलाइटच्या खोलीत जाऊन बसले.

बाबा आले आणि टाळी पडली, जुन्या ओळखीची. पहिली वीस मिनिटं बरी गेली. मग चौथ्या रांगेत एका बाईनं पदराआड जांभई दिली. तिच्या शेजारच्यानं दिली. मी मोजायला लागले. पंधरा. बावीस. एका माणसाची मान पुढे पडली आणि त्याच्या पोरानं ती सरळ केली. तीस.

बाबांनाही ते दिसत होतं. विनोदी नटाचा जीव बोलण्यात नसतो, थांबण्यात असतो. वाक्य टाकायचं, थांबायचं, लोकांकडे बघायचं आणि लोक फुटले की पुढे जायचं. बाबा त्या थांबायच्या जागा गाळायला लागले. हसू येणार नाही या भीतीनं ते वाक्यामागून वाक्य टाकत सुटले, कोणीतरी मागे लागल्यासारखे. माझ्या बाबांना मी स्टेजवर कधीच घाबरलेलं बघितलं नव्हतं.

अडतीसवर मी मोजणं सोडलं आणि जिना उतरले.

प्लँट रूमचं दार मी आतून लावलं नाही. चोरी करत नव्हते. पाना घेतला आणि झडपेसमोर उभी राहिले. सीलचा कागद दोन महिन्यांत पिवळा पडला होता. वर साहेबांची सही, पसरट, ऐसपैस. खाली बंद करणाऱ्याची, बारीक अक्षरात.

ज्योत्स्ना द. ठेंगरी.

होय, बोल्ट मीच मारले होते. साहेबांनी नुसतं सांगितलं होतं. हात माझा होता. माझ्या बाबांना ज्या हवेनं म्हातारं ठरवलं ती हवा मीच कोंडली होती, आणि वर सही करून मोकळी झाले होते.

कागद मी दोन्ही हातांनी फाडला. चारही बोल्ट काढले. झडप फिरवायचा दांडा गंजून बसला होता, तो हलेना. मग कोपऱ्यातला पाण्याचा पाइप आणला, दांड्यावर चढवला आणि सगळं अंग टाकलं. झडप ओरडली आणि उघडली. कडुनिंबाचा पाला, धूळ आणि वाऱ्याचा एक गरम लोट एकदमच माझ्या तोंडावर आला. त्या वाऱ्याला उन्हाचा वास होता. मी तो पोटभर घेतला. दांडा उपसून काढला आणि पंख्याच्या ओट्यावर बसून मांडीवर ठेवला.

प्लँट रूममध्ये सभागृहातून हवा परत आणणारा पत्र्याचा मोठा नळ आहे. हवेबरोबर तिथला आवाजही त्यातून येतो. मार्चमध्ये त्यातून फक्त खोकले आले होते. आताही बराच वेळ काही नाही. पहिला अंक संपला, दुसरा सुरू झाला. बाबांचा आवाज यायचा, मग खुर्च्यांची करकर, मग पुन्हा बाबांचा आवाज. काटा सव्वीसवरून सत्तावीसवर गेला. मी तिथे बसून देवाचं नाव घेतलं नाही. सत्तारभाईंचं घेतलं.

मग नळात एकजण हसला. एकटाच, मोठ्यानं. त्याच्या मागून दोघं-चौघं. बाबा थांबले. ते थांबले होते, पुरते थांबले होते, जागा गाळली नव्हती. आणि मग तो पत्र्याचा नळ असा गडगडला की वरची धूळ माझ्या डोक्यावर पडली.

तेवढ्यात साहेब आत आले. कोट हातात, मान घामानं ओली.

"काय चाललंय? पाहुणे विचारताहेत एसी बंद पडला का—" आणि त्यांची नजर झडपेकडे गेली. ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाजाच्या आधी एक लांबलचक जांभई आली. बिचारे अर्धा-पाऊण तास पहिल्या रांगेत उष्टी हवा घेत बसले होते.

"पासवाल्यांची धरत नाही मी," मी म्हटलं, "पण ही धरते. एकोणचाळीस."

"सील कोणी फाडलं?"

"मी. खाली सही माझीच होती. माझी मी मागे घेतली."

"दांडा दे."

"नाही."

"ज्योत्स्ना, मी तुझा अधिकारी आहे. दांडा दे आणि झडप लाव."

"नाही लावणार, साहेब."

साहेब दोन पावलं पुढे आले आणि थांबले. बाईच्या मांडीवरचा दांडा हिसकायचा कसा, हे त्यांना सुचेना. सभ्य माणूस होता तो. त्याच्या सभ्यपणाचा मी त्या दिवशी पुरेपूर फायदा घेतला.

"मी दुसरा माणूस बोलावतो," ते म्हणाले.

"बोलवा. आधी त्याला चौथ्या रांगेत दहा मिनिटं बसवा. मग तोच सांगेल झडप लावायची का ते."

"पाहुण्यांना मी काय दाखवू आता?"

"मीटर दाखवा. यंत्र साडेचारला लावलंय, सव्वीसवर. युनिट वाढले असतील तर माझ्या नावावर टाका. आणि ती म्हण सांगितली होतीत ना तुम्ही, साहेब, अंगण वाकडं. अंगण खरंच वाकडं होतं. मीच केलं होतं, तुमच्या सांगण्यावरून. नाचणाऱ्याला दोष देऊ नका."

नळ पुन्हा गडगडला. साहेबांनी वर बघितलं. ते ऐकायला लागले. एका वाक्याला त्यांचाही ओठ हलला, मी बघितला. मग त्यांनी कोट झटकला.

"उद्यापासून कामावर येऊ नकोस," ते म्हणाले. "ती फाइल मी परत घेतो."

"घ्या."

ते गेले. दुसरा माणूस काही आला नाही. नाटक संपेपर्यंत मी दांडा मांडीवर घेऊन बसून होते.

त्या दिवसाचे युनिट मार्चच्या खेळापेक्षा एकोणीस कमी आले. निघताना मीच मीटर वाचलं. मला कोणी विचारलं नाही आणि मी कोणाला सांगितलं नाही. बक्षीस दुसऱ्याच गावाला गेलं. मी पुढे नागपूरला एका दवाखान्यात लागले, तिथेही रोजंदारीवर. आज अठरा वर्षं झाली. कुठल्याही मोठ्या इमारतीत शिरले की मी आधी माणसांची तोंडं बघते, काटा नंतर.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. पडदा पडल्यावर मी रंगाच्या खोलीत गेले. बाबा खोबरेल तेलानं तोंड पुसत बसले होते. गुडघे हलत होते आनंदानं, लहान पोरासारखे.

"आयकलीस?"

"आयकली. नळातून."

"पब्लिक कशी उठली माय! कोनीच नाई झोपलं." मग ते माझ्या हाताकडे बघायला लागले. तळव्यांना गंज लागला होता. "हे काय?"

गप्प बसता आलं असतं. दीड महिना गप्प बसायचा सराव होताच. पण त्या दिवशी तोंड उघडलं होतं ते मिटेना.

"झडप उघडली, बाबा. बाहेरची हवा आत येत नव्हती, म्हणून मार्चमध्ये लोक झोपले. तुमच्यानं नाही झोपले. आज मी उघडली. साहेबानं कामावरून काढलं."

"कायम होनार होतीस ना तू?"

"होते."

"मी तरी कुठं कायम होतो चाळीस साल," बाबा म्हणाले. मग विचारलं, "बंद कोनं केलती?"

"मी."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. रंग अर्धा निघाला होता. एक बाजू नटाची होती आणि एक माझ्या बापाची, आणि दोन्ही माझ्याकडे बघत होत्या. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"म्हंजे मार्चात पब्लिक हवेनं झोपली," ते सावकाश म्हणाले, "आन आज हवेनंच हासली?"

एका हातानं दिलं ते दुसऱ्या हातानं काढून घेतलं, असं झालं होतं. बाबांनी फडकं पुन्हा उचललं, कान पुसला, जो मी रंगवला होता तो.

"नाई," ते म्हणाले. "हवेनं मानूस जागा रायते, पोरी. हासत नाई. बाहेर रस्त्यावर बक्कळ हवा हाय, हासून रायलं का कोनी?"

"नाही."

"मंग. जागं ठेवलं तू. हासवलं त म्याच."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि पेटी माझ्या हातात दिली. "घरी गेल्यावर माळ्यावर नको ठेवू इले. दाराशी ठेव. दिवाळीनंतर लागन."